सर्व्हिसिंगनंतर इंजिन गेले तर: ग्राहक आयोगातील तक्रार, पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीचे इंजिन चार-आठ दिवसांत सीझ झाले (आतले भाग अडकून जाम झाले), तर भरपाई मागण्याचा सरळ मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. अर्ज भरायला कठीण नाही आणि बहुतेक प्रकरणांत शुल्कही लागत नाही. कठीण आहे ते इंजिन सर्व्हिसिंगमुळेच गेले हे दाखवणे. तो पुरावा इंजिन खोलण्याआधी हातात आला नाही, तर नंतर मिळत नाही. म्हणून अर्जाआधीच्या गोष्टींवर इथे जास्त भर दिला आहे.

इंजिन बंद करा आणि बंदच ठेवा

ऑइलचा लाल दिवा लागला, खालून ठकठक आवाज आला किंवा तापमानाचा काटा वर गेला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. “जरा चालू करून बघू” हे दोन कारणांनी महाग पडते. ऑइलविना फिरणारे बेअरिंग पाहता पाहता क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, घासते आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय “दिवा लागल्यावरही मालकाने गाडी चालवली” हा सर्व्हिस सेंटरचा नेहमीचा बचाव आहे आणि तो बऱ्याचदा चालतो. हा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा इंजिनाला ऑइल मिळणे आधीच थांबत आलेले असते.

गाडी टोचन करून न्या, शक्य असेल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर. त्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या: मीटरवरचे किलोमीटर, पेटलेले दिवे, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी), गाडीखाली सांडलेले ऑइल आणि त्याची रस्त्यावरची रेघ. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) खालचा भाग, ड्रेन प्लग (ऑइल काढायचे बूच) आणि ऑइल फिल्टर जवळून टिपा. चेंबरला पोचा किंवा ताजा ओरखडा नाही हे दाखवणारा फोटो पुढे फार उपयोगी पडतो, कारण “खड्ड्यात चेंबर आपटले असेल” हे दुसरे नेहमीचे उत्तर असते.

गाडी त्याच सर्व्हिस सेंटरला द्यावी लागली, तर नवे जॉब कार्ड (गाडी घेताना सेंटर बनवते तो कामाचा कागद) बनवून घ्या आणि त्यावर तुमच्या शब्दांत लिहायला लावा: “अमुक तारखेच्या सर्व्हिसिंगनंतर इतक्या किलोमीटरवर इंजिन बंद पडले. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन खोलू नये, जुने भाग टाकून देऊ नयेत, स्कॅनरवरील फॉल्ट कोड छापून दिल्याशिवाय पुसू नयेत.” हाच मजकूर त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. फॉल्ट कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेली बिघाडाची नोंद; तो एकदा पुसला गेला की तो नेमका किती किलोमीटरवर आणि कोणत्या स्थितीत आला, ही नोंदही बहुधा त्याच्यासोबत जाते.

काय चुकलेले असू शकते

तक्रारीत “निष्काळजीपणा केला” एवढेच लिहून भागत नाही. नेमके कोणते काम चुकले आणि त्यातून इंजिन कसे गेले, ही साखळी मांडावी लागते. नेहमी दिसणारे प्रकार असे.

जुना फिल्टर काढताना त्याचे रबर वॉशर इंजिनाला चिकटून राहते आणि मेकॅनिक नवा फिल्टर त्यावरच बसवतो. दोन रबरे एकमेकांवर टिकत नाहीत. दाब वाढला की ती सरकतात आणि ऑइल भराभर बाहेर पडते. ड्रेन प्लगचे चेपलेले जुने वॉशर पुन्हा वापरले, प्लग सैल राहिला किंवा जास्त आवळल्याने ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले, तर गळती हळू असते आणि काही दिवसांनी उघडकीस येते.

ऑइलची पातळी चुकणे हा वेगळा प्रकार आहे. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तो आणि बिलावरचे लिटर शेजारी ठेवून पाहा. कमी भरले तर काय होते ते उघड आहे. पण जास्त भरल्यावरही क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते, फेस होतो आणि पंप फेस ओढू लागला की दाब पडतो. डिझेल इंजिनात जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) हवेच्या नळीत जाऊन इंधनासारखे जळू शकते आणि मग चावी फिरवूनही इंजिन थांबत नाही. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० हा पातळ ऑइलचा ग्रेड सांगितला असताना घट्ट ऑइल भरणे, किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला साधे ऑइल देणे, याचे नुकसान सावकाश दिसते. ते सिद्ध करायला ऑइलची चाचणीच लागते.

कूलंट बदलल्यावर आतली हवा नीट काढली नाही, तर सेन्सरभोवती हवा राहते. काटा सामान्य दाखवतो आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, मात्र तापून वाकते. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट बदलताना एखादा दात चुकला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. एअर फिल्टरची पेटी नीट बंद झाली नाही तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तिचा माग ऑइलच्या चाचणीत सिलिकॉनच्या वाढलेल्या प्रमाणात मिळतो.

ऑइलचे नमुने दोन स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत घ्या. प्रत्येकी सुमारे २०० मिलिलिटर पुरते. बाटलीवर तारीख, गाडी क्रमांक आणि किलोमीटर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्यांची पट्टी चिकटवा. एक बाटली एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा, दुसरी तशीच सीलबंद ठेवा. घट्टपणा, लोखंड, तांबे, शिसे, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, पाणी किंवा कूलंट आणि मिसळलेले इंधन, एवढ्या चाचण्या सांगा.

इंजिन खोलणे: दोघांच्या समोर

सर्व्हिस मॅनेजरला लेखी कळवा की संयुक्त तपासणीत इंजिन खोलावे, तारीख सात दिवसांत द्यावी आणि तोपर्यंतचे पार्किंग शुल्क तुम्हाला मान्य नाही. सोबत तज्ज्ञ असावा. परवानाधारक मोटार सर्व्हेअर, चार्टर्ड इंजिनिअर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील ऑटोमोबाइल विभागाचे प्राध्यापक चालतात. ओळखीच्या मेकॅनिकची चिठ्ठी आयोगापुढे फारशी टिकत नाही.

अहवालात चासिस आणि इंजिन क्रमांक, किलोमीटर, तारीख, हजर असलेल्यांची नावे, फिल्टर, प्लग, ऑइल पंप, जाळी, बेअरिंग आणि क्रँकशाफ्टची स्थिती हवी. कारण सांगताना इतर कारणे का नाहीत हेही लिहिलेले हवे. “हे सर्व्हिसिंगमुळे झाले असू शकते” या वाक्याने प्रकरण पडते. अहवालासोबत तज्ज्ञाचे शपथपत्र जोडा. सेंटरने तपासणीला नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर तो पत्रव्यवहारच तुमच्या बाजूचा कागद होतो.

इथे दोन सापळे आहेत. एक, “इन्शुरन्समध्ये बसवून देतो, चेंबरला दगड लागला असे लिहा.” नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो आणि इंजिन प्रोटेक्शनचे ॲड-ऑन प्रामुख्याने पाणी शिरणे किंवा खालून आपटून ऑइल गळणे यासाठी असते. त्या क्लेम फॉर्मवर सही केलीत, तर विमा कंपनीला खोटी माहिती दिली असे होते आणि इंजिन दगडामुळे गेले हे तुम्ही स्वतः लेखी मान्य केलेत. दुसरा सापळा “सदिच्छा सवलती”चा: मजुरी माफ, भागांवर सूट आणि वर “पूर्ण व अंतिम समझोता” असे पत्र. सवलत पटत असेल तर जरूर घ्या. पण त्या पत्रावर सही केल्यावर पुढची मागणी जवळपास संपते. गाडीवाचून अडून राहून दुरुस्तीचे पैसे भरावेच लागले, तर बिलावर “हक्क राखून, निषेधासह” लिहा आणि जुने भाग ताब्यात घ्या.

तक्रार कोण करू शकतो

सर्व्हिसिंगचे पैसे देणारा ग्राहक ठरतो, आणि त्याच्या संमतीने ती सेवा वापरणाराही. गाडी एकाच्या नावावर आणि बिल दुसऱ्याच्या, असे असेल तर दोघांनी मिळून तक्रार करावी. कंपनीच्या फ्लीटमधल्या गाडीबाबत “व्यावसायिक वापर” हा आक्षेप येतो. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा ग्राहकच असतो आणि हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. फ्री सर्व्हिस कुपनवर काम झाले असेल तर गाडी खरेदीचे बिल जोडा. ती सेवा गाडीच्या किमतीत धरलेली असते, हे त्यावरून मांडता येते.

बिलच दिले नाही अशी तक्रार रस्त्याकडेच्या गॅरेजांबाबत फार येते. सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणे ही या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे बोलणे, गॅरेजमधला फोटो यांवरून व्यवहार दाखवता येतो.

मुदत दोन वर्षांची, बहुधा इंजिन बंद पडले त्या दिवसापासून. नोटिसा आणि ईमेल पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. उशीर झाला तर कारणांसह विलंबमाफीचा वेगळा अर्ज लागतो.

विरुद्ध पक्ष म्हणून सर्व्हिस सेंटर चालवणाऱ्या संस्थेचे बिलावरचे पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. फलकावरचे नाव बऱ्याचदा वेगळे असते. गाडी बनवणाऱ्या कंपनीला जोडायचे ते वॉरंटी नाकारली असेल किंवा भागातच दोष असेल तेव्हा. केवळ मेकॅनिकची चूक असेल तर डीलरशी आपला व्यवहार स्वतंत्र असल्याचे सांगून कंपनी बहुधा बाहेर पडते.

कुठे आणि किती शुल्क

२०१९ च्या कायद्यात आयोगाचा स्तर मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावरून ठरतो. तो ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. सर्व्हिसिंगचे बिल आठ हजार आणि इंजिनाचा अंदाज दोन लाख, तरी मोबदला आठ हजारच. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये आहे.

तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. प्रवासात कोल्हापूरला सर्व्हिसिंग केले आणि घर नाशिकला, तर नाशिकच्या आयोगात जा. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत.

आधी नोटीस

कायद्याने नोटीस सक्तीची नाही, तरी द्यावी. स्पीड पोस्टने पाठवून पोच जपा, ईमेलही करा. तारखा, चूक, नुकसान, मागणीची रक्कम आणि १५ दिवसांची मुदत एवढे पुरे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या कंपन्यांची सेंटरे तिथे उत्तर देतात आणि ते लेखी उत्तर कामाला येते.

कागदपत्रे

- आरसी, विमा पॉलिसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- वादातल्या सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा
- आधीच्या सर्व्हिसिंगची बिले (“इंजिन आधीच खराब होते” याला उत्तर म्हणून)
- गाडीच्या पुस्तिकेतील ऑइलचा ग्रेड आणि प्रमाण असलेले पान
- टोचनची पावती, नवे जॉब कार्ड, फॉल्ट कोडची प्रत
- तज्ज्ञाचा अहवाल व शपथपत्र, ऑइल चाचणीचा अहवाल
- दुरुस्तीचा अंदाज किंवा बिल, पर्यायी प्रवासाच्या पावत्या
- नोटीस, पोच आणि आलेले उत्तर
- फोटो, व्हिडिओ व चॅटसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र

अर्ज

ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर मोबाइल आणि ईमेलने नोंदणी करा, जिल्हा आयोग निवडा, दोन्ही पक्षांची माहिती आणि मोबदल्याची रक्कम भरा. त्या रकान्यात भरपाईचा आकडा टाकू नका. मग अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, शपथपत्र आणि कागदपत्रे पीडीएफमध्ये चढवा. छाननीत त्रुटी निघाल्या तर मुदतीत दुरुस्त करा. प्रत्यक्ष आयोगात दाखल करताना आयोगाचे संच आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक संच लागतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगात मराठीतून तक्रार करता येते आणि वकील सक्तीचा नाही.

मागण्या एकेक करून लिहा: इंजिन दुरुस्तीचा खर्च, सर्व्हिसिंगचे पैसे परत, टोचन, पर्यायी प्रवास, तज्ज्ञ व चाचणीचे शुल्क, व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. जुन्या गाडीसाठी “नवी गाडी द्या” ही मागणी टाळा, तिने बाकी मागण्यांचेही वजन कमी होते.

दाखल झाल्यानंतर

तक्रार स्वीकारायची की नाही, हे आयोगाने साधारणतः २१ दिवसांत ठरवायचे असते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ मिळतात. जुन्या, १९८६ च्या कायद्यातल्या याच तरतुदीबाबत, ४५ दिवसांपलीकडे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नोटीस बजावल्याची तारीख तुम्ही स्वतः टिपून ठेवा आणि उशिरा आलेल्या उत्तराला लेखी हरकत घ्या. समझोत्याची शक्यता दिसली तर आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो, पण त्याला दोन्ही बाजूंची संमती लागते.

निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागल्यास पाच महिन्यांत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी खूप जास्त वेळ जातो. तोपर्यंत गाडी उघड्यावर कुजू देऊ नका. संयुक्त तपासणी झाली, भाग सीलबंद झाले, की निषेध नोंदवून दुरुस्ती करून घ्या. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो.

निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील होते. सेंटर अपिलात गेले, तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम त्याला आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच जिल्हा आयोगात करा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. या अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते, म्हणून निकाल लागताच ती मागून घ्या.