उणे पंधरापेक्षा अधिक दोन वाईट

हिवाळ्यात डोंगरात जाणारे अंदाजात आधी तापमान बघतात. उणे पंधरा दिसलं की धसका, अधिक दोन दिसलं की हायसं. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत हे उलटं आहे. अधिक दोन, पावसात मिसळलेला बर्फ आणि ताशी साठ किलोमीटर वारा, हा तिथला खरा वैरी. केर्न गॉर्म शिखर १,२४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बुटकं. पण २० मार्च १९८६ला तिथे वाऱ्याचा झोत ताशी २७८ किलोमीटर मोजला गेला.

उणे पंधराचा बर्फ कोरडा, झटकला की पडतो. अधिक दोनचा कपड्यांवरच वितळतो. ऊब कापडाची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की उष्णता सुमारे चोवीसपट सहज वाहते. वर बाष्पीभवन. वाऱ्यात अंगाचा माठ होतो. भिजलेली जीन्स अर्धा लिटर पाणी सहज धरते, आणि ते उडवायला सुमारे १,२०० किलोज्यूल लागतात. त्यातली थोडी उष्णता हवा देते, बाकी तुम्ही. सगळी अंगातूनच गेली आणि दोन तास लागले असं धरा: १७० वॉट. चढताना शरीर ४०० वॉटच्या आसपास उष्णता बनवतं, त्यामुळे भागतं. नकाशा बघायला थांबलात की उत्पादन १००वर येतं, खर्च मात्र तोच. कुडकुडणं ही तूट काही काळ भरून काढतं, पण स्नायूंतली साखर जाळून.

अॅपवर 'फील्स लाइक उणे सहा' दिसतं, तो हिशेब कोरड्या, उघड्या चेहऱ्याचा. ओल्या कपड्यांना तो लागू नाही. आणि अधिक दोनच्या हवेत वारा कितीही सुटला तरी बाटलीतलं पाणी गोठत नाही.

म्हणून घाम हाही पाऊसच समजा. निघताना किंचित गारठलेलं असावं. दहा मिनिटांत उबेल. महागडं 'श्वास घेणारं' जाकीट खड्या चढावरचा घाम बाहेर टाकू शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो; बाहेरचं कापड चिंब झालं की तर नाहीच. बगलेची चेन उघडा, आतला थर काढा. थांबायचं तर आधी जाडं जाकीट चढवा, ओल्या कपड्यांवरूनच, मग सॅक उघडा. हातमोज्यांचे दोन जादा जोड कोरड्या पिशवीत हवेत; बोटं बधिरली की चेनसुद्धा लागत नाही.

ब्रँडीने थंडी पळते हा समज काही जात नाही. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर पडते.

सोबतीची जीभ जड झाली, तो अडखळू लागला, की त्याला आडोशाला घ्या, बुडाखाली सॅक द्या. गिळता येत असेल तर गोड खाऊ घाला. अंग गार असूनही कुडकुडणं थांबलं असेल तर आडवं ठेवा, हातपाय चोळू नका, चालवू नका. ब्रिटनचा आणीबाणीचा नंबर ९९९ लावा, आधी पोलीस आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागा.