हस्तर कुठल्या खंडात आहे?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी मागताना लोक हमखास विचारतात, ‘‘यात हस्तर (‘तुंबाड’ सिनेमातला तो लोभी देवपुत्र) आहे ना?’’ नाही हो. २०१८चा ‘तुंबाड’ हा चित्रपट या कादंबरीवर बेतलेलाच नाही; तिच्याकडून आलंय ते फक्त नाव. पेंडशांचे दोन जाडजूड खंड म्हणजे कोकणातल्या खोत घराण्याच्या पिढ्यांची कहाणी. चित्रपटातल्या त्या भयंकर म्हातारीचं बीज भयकथाकार नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. हस्तर, सोन्याची नाणी, कणकेच्या बाहुल्या ही भर मात्र चित्रपटाची. त्यामुळे ‘सिनेमानं पेंडशांची वाट लावली’ ही तक्रार (कितीही पुणेरी ठसक्यात केली तरी) गैरलागू. मूळ पुस्तकाशी तुलना करायचीच, तर आधी धारप काढा.