टकळीवरचा पीळ आणि सुयांवरचा टाका

मुंबईत स्वेटर लागतो तो महाबळेश्वरला जाताना. तरीही इथे विणणाऱ्यांची वाण नाही. बाळाची कुंची, क्रोशाचं तोरण, भरतकामाचा अभ्रा, सगळं अर्धवट अवस्थेत घरात पडलेलं असतं आणि अशातच कुणीतरी कापसाचं सूत कातायची टकळी हाती घेतं. मग तक्रार ठरलेली: सूत सारखं तुटतं आणि तुटलं नाही तर गांडुळासारखं जाड-बारीक येतं. लोकर विणून हात सरावलेला असला तरी हे होतंच, कारण अडचण बोटांपेक्षा तंतूच्या लांबीत आहे.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर लांबच लांब वाढलेली एकच पेशी. लांबी साधारण 2 ते 3.5 सेंटिमीटर, जाडी 12 ते 20 मायक्रॉन. बोंड फुटलं की पेशी वाळते, पोकळ नळी चपटी होते आणि जागोजागी स्वतःभोवती वळते. मेंढीच्या लोकरीचा तंतू याच्या कितीतरी पट लांब, शिवाय कुरळा आणि अंगावर खवले असलेला.

एवढ्याशा तुकड्यांचा दोर वजन कसं पेलतो, हा प्रश्न गॅलिलिओने 1638 सालच्या ग्रंथात चर्चेला घेतला होता. पीळ दिलेलं सूत ताणलं की बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. आवळल्याने घर्षण वाढतं आणि जितका ताण जास्त तितकी पकड घट्ट. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी यावर गणित मांडलं. घर्षणाने एकमेकांत पुरेसे गुंतले की हे सुटे तुकडे ताण थेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचवतात, आणि मग ते घसरून सुटण्याऐवजी तंतूच तुटायची वेळ येते.

तंतू आखूड असेल तर पकडीला जागा कमी, म्हणून पीळ जास्त लागतो. टकळी हलकी आणि बारीक दांड्याची असते ती यासाठीच. बोटांच्या एका चिमटीत ती भरपूर फेरे घेते आणि वाटीत टेकवून फिरवली की तिचं वजन कोवळ्या सुतावर पडत नाही. लोकरीसाठी वापरतात ती हवेत लटकणारी जड चाती आखूड कापसाच्या नवख्या सुताला लावून पाहिली, तर ती बहुधा जमिनीवरच जाते.

खरी गंमत पीळ कुठे जातो यात आहे. तो सुतात सारखा पसरत नाही, बारीक जागी धावतो. सलग दांडा निम्म्या जाडीचा केला की त्याचा पिळाला होणारा विरोध सोळापट कमी होतो. सूत सलग नसतं, त्यामुळे फरक इतका टोकाचा नाही, पण कल तोच. बारीक भागात पीळ साठतो, तंतू जखडले जातात आणि तो भाग आणखी ताणला जात नाही. जाड भागात पीळ विरळ, तंतू अजून सैल, म्हणून पेळू (कातायला घेतलेली कापसाची सैल वळी) मागे ओढला की तोच घसरून बारीक होतो. जाडी सारखी करण्याचं बरंचसं काम असं पीळच करतो. कातणाऱ्याने करायचं ते इतकंच की, थोडा पीळ शिरू द्यायचा, ओढायचं आणि मगच उरलेला पीळ भरायचा. सगळा पीळ आधीच भरला तर ओढायला काही उरत नाही. अतिपीळही वाईटच. तंतू फार तिरके पडतात, ताकद घटते आणि सैल सोडताच सुताच्या गुंडाळ्या होतात.

इथली हवा मात्र कापसाच्या बाजूची. 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. दमटपणाने तंतू लवचीक होतो, स्थिर विजेने विस्कटत नाही, आणि ओला कापूस सुक्यापेक्षा मजबूत असतो. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला शहरातली पहिली सूतगिरणी सुरू झाली. त्यामागे बंदर आणि व्यापाऱ्यांचं भांडवल होतंच, पण दमट हवाही पथ्यावर पडली. गिरणीतल्या त्याच हवेत कापसाची धूळही तरंगायची आणि तिच्यामुळे होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार कामगारांच्या वाट्याला यायचा, हेही सोबत सांगायलाच हवं.

सूत सुयांवर चढलं की पिळाचा हिशेब चुकता होतो. एकेरी सुतात पीळ मोकळं व्हायला धडपडत असतो, त्यामुळे साध्या सुलट विणीचा चौकोन तिरका होतो. दोन पदर एकत्र करून उलट्या दिशेने पिळले की दोघांची ओढ एकमेकींना मारते. तपासायला सुताचा मधला भाग सैल सोडून लोंबकळू द्यावा. स्वतःभोवती गुंडाळला नाही तर जमलं. लोकर विणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं: सुताचा गुंडा जागेवर ठेवून त्याच्या टोकाकडून धागा ओढला की प्रत्येक वेढ्यामागे पिळाचा एक फेरा वाढतो किंवा घटतो. गुंडाच फिरू दिला तर असं होत नाही.

आता विणकाम, क्रोशे, भरतकाम आणि कातणं या चार कला एकाच वेळी शिकाव्यात का? 1979 मध्ये शीया आणि मॉर्गन यांच्या प्रयोगात हाताच्या हालचाली आलटूनपालटून शिकणारे सरावात मागे पडले, पण पुढे त्यांच्याच लक्षात जास्त राहिलं. 1996 च्या एका प्रयोगात मात्र एक हालचाल शिकल्यावर लगेच तिच्या उलट हालचाल शिकवली, तर पहिलीवर पाणी पडलं. मध्ये काही तास गेले की पहिली टिकली. टकळी सकाळी आणि क्रोशे रात्री हे वेळापत्रक त्यामुळे अगदीच हास्यास्पद नाही. सव्वाआठच्या लोकलमध्ये तसंही फक्त क्रोशेच जमतं. टकळीला वाटी आणि कोपर पसरायला जागा लागते, आणि ती विरारहून येणाऱ्या गाडीत कोण देणार?