लहान टेकडी म्हणजे सोपी टेकडी?

हिवाळा आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: "लहान, स्वतंत्र स्की केंद्रं नवशिक्यांसाठी; खरं स्कीइंग मोठ्या रिसॉर्टमध्येच." असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण जाहिरातीत डोंगराची उंचीच ठळक छापलेली असते. पण उंचीमुळे उतार लांब होतो, एवढंच. तो कठीण ठरतो तीव्रतेने, अरुंद वाटेने आणि बर्फाच्या अवस्थेने.

व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन बघा. 1995 पासून ते स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे (सहकाराचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको). एकेकट्याने बसायची खुर्ची-लिफ्ट, बहुतांशी नैसर्गिक बर्फ, झाडांमधून उतरणाऱ्या वाटा. तिथे मुरलेल्यांचाही कस लागतो. मिनेसोटातली बक हिल तर जेमतेम 95 मीटरची. तरी तिथे सराव केलेले खेळाडू ऑलिंपिकपर्यंत पोचले, कारण छोट्या उतारावर एका संध्याकाळी कितीतरी फेऱ्या होतात.

हे स्वतः तपासता येतं. केंद्राच्या नकाशावरचा हिरवा गोल (सोपी वाट), निळा चौकोन (मध्यम), काळा हिरा (कठीण) ही चिन्हं त्या त्या केंद्रापुरती सापेक्ष असतात. दोन केंद्रांची तुलना त्यांवरून करू नका. समोच्चरेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर उताराची उंची आणि आडवं अंतर मोजा. 100 मीटर अंतरात 50 मीटर उतरत असेल, तर तो सुमारे 27 अंशांचा उतार. लांबच लांब घसरत जायचं असेल, तर मात्र मोठा डोंगरच गाठावा.