उंच आवाज आणि कर्कश आवाज

कोकीळ कावळ्यापेक्षा वरच्या पट्टीत गातो, तरी कानाला टोचतो तो कावळाच. उंच स्वर आणि कर्कश आवाज हे दोन वेगळे गुण आहेत. बोलताना मात्र आपण दोन्ही एकाच माळेत ओवतो आणि उपाय भलत्याच जागी करत बसतो.

उंचीचा हिशोब सोपा आहे. हवा सेकंदाला किती वेळा कंप पावते, त्यावर पट्टी ठरते. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपांपर्यंत, ऐकू येतं. बोलताना पुरुषाचा मूळ स्वर 100 ते 120 हर्ट्झच्या आसपास, तर बाईचा 200च्या आसपास असतो. बासरी त्याच्या कितीतरी वर जाते आणि ती कुणाला खुपत नाही.

कर्कशपणा येतो खरखरीतून. आवाजाचा जोर सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा कमी-जास्त होऊ लागला, की कानाला ते हेलकावे मोजता येत नाहीत आणि त्यांचा सलग स्वरही लागत नाही. जाणवतो तो फक्त खडबडीतपणा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 मध्येच जवळजवळच्या स्वरांच्या टकरीतून ही खरखर कशी उपजते ते मांडलं होतं. 2015 मधल्या एका अभ्यासात माणसाच्या किंकाळीत आणि धोक्याच्या भोंग्यांत हेच वेगवान हेलकावे सापडले. साध्या बोलण्यात ते जवळपास नसतात.

मग गोंधळ होतो कुठे? आपला कान 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, कारण कानाची नळीच तिथे आवाज वाढवते. त्यामुळे त्या पट्ट्यातली शिट्टी खरखर नसतानाही आरपार जाते, आणि आपण सगळा दोष उंचीच्या माथी मारतो.

फळ्यावरच्या ओरखड्याचं उदाहरण बघा. 1986 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाटीवर बागकामाचं दातेरी अवजार घासून तो आवाज ध्वनिमुद्रित केला. त्यातले सर्वांत उंच स्वर गाळले, तरी ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतच राहिला. खालचे स्वर काढले तेव्हा कुठे तो सुसह्य झाला. खडू किंचाळतो त्यामागेही घर्षणच असतं: टोक फळ्याला क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. खडू अर्धा मोडा, थोडा तिरपा धरा, बहुतेक वेळा किंचाळी थांबते. कुरकुरणाऱ्या बिजागरीचं दुखणंही हेच. तिथे तेल पुरतं.

सभेच्या माइकवर हा फरक ओळखता येणं फार गरजेचं आहे. माइक स्पीकरसमोर आला की सूं करत शिट्टी उठते. तोच आवाज पुन्हा पुन्हा फिरून वाढत जातो. त्यावर माइक वळवणं किंवा मागे नेणं हा इलाज. पण अँप्लिफायर कुवतीपलीकडे ताणला तर आवाज फाटतो: लहरींचे माथे कापले जातात आणि मूळ बोलण्यात नसलेले स्वर त्यात घुसतात. तिथे ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांचा जोर, कमी करून थोडी धार बोथट होईल, फाटणं तसंच राहील. आवाजाची पातळीच खाली आणावी लागते.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो बायकांच्या आवाजावर. व्यासपीठावर बाई जोरात बोलली की लगेच ‘कर्कश’ असा शेरा येतो. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी तर पट्टी खाली आणण्यासाठी आवाजाचं शिक्षण घेतलं. खर्जात, पण घसा ताणून ओरडणाऱ्या पुरुषाच्या आवाजात खरखर अनेकदा कितीतरी जास्त असते, तरी त्याला ‘दमदार’ म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. वक्त्याला सांगायचंच असेल तर पट्टी उतरवायला सांगू नका. घसा मोकळा ठेवायला सांगा, माइक तोंडाजवळ धरायला सांगा, म्हणजे ओरडावं लागणार नाही.