पुण्यात फॉस्टर पालक व्हायचंय? अर्ज कसा करायचा, कोण करू शकतं, कागदपत्रं काय लागतात

आमच्याकडे पोरगा आल्यापासून सोसायटीत निम्म्या लोकांनी एकच विचारलं, दत्तक घेतला का? नाही हो, हे फॉस्टर केअर, सरकारी भाषेत प्रतिपालकत्व, म्हणजे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायचं. दत्तकात मूल कायद्यानं कायमचं तुमचं होतं, इथं आडनाव, वारसा काहीच बदलत नाही आणि त्याचे आईवडील सावरले तर ते त्यांच्याकडे परत जाऊही शकतं. नवरा-बायको बसून हे आधी नीट बोला, मगच अर्जाचं बघा.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात याची तरतूद आहे, २०२४ मध्ये नियम बदलले. आता एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, अविवाहित, विधवा, घटस्फोटित कुणीही, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. एकट्या माणसाचं वय ६ ते १२ च्या मुलासाठी ३५ ते ५५, त्याहून मोठ्यासाठी ६० पर्यंत चालतं. जोडपं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज किमान ७० आणि लग्नाला २ वर्षं झालेली हवीत. सहा वर्षांखालचं मूल फॉस्टरमध्ये मिळत नाही.

अर्ज 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, पॅन, जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा (आमचं घर भाड्याचं, रजिस्टर्ड भाडेकरार लावला), उत्पन्नाचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा आदेश, मेडिकल, फॅमिली फोटो, एवढं स्कॅन करून ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशनही होतं, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आधीच बघा, आमचे त्यातच तीन आठवडे गेले.

मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ताई घरी येतात, होम स्टडी म्हणतात त्याला. घाबरून घर चकाचक करत बसू नका. आमच्याकडे त्यांनी हॉल बघितलाच नाही, मूल झोपणार कुठं आणि कपडे कुठं ठेवणार हे विचारलं, सासूबाईंशी वेगळं बोलल्या आणि आमच्या मुलीला विचारलं, तुझी सायकल त्याला देशील का? घरात एकाचाही मनापासून होकार नसेल तर ते तिथंच कळतं.

अहवाल गेला की मुलाशी बोलून शेवटचा आदेश बाल कल्याण समिती काढते. मंजुरी मिळाली तर मुलाच्या खर्चाला मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिना ४,००० रुपये मिळतात. कायद्याप्रमाणे दर महिन्याला पाहणी होते, तिचा राग मानू नका, ती मुलासाठी असते. मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल तर २ वर्षांनी तेच कुटुंब दत्तकाचा अर्ज करू शकतं.

आमच्याकडचा पोरगा पहिले कितीतरी दिवस दप्तर उशाशी घेऊन झोपायचा, चपला पण बाहेर काढायचा नाही, पलंगाखाली ठेवायचा. आम्ही काही बोललो नाही. दिवाळीच्या आसपास एकदा बघितलं तर त्याच्या चपला दारात, आमच्या चपलांच्या रांगेत होत्या.