सरकारी नोकराला काढताच येत नाही? खुलासा

प्रशासकीय सुधारणांचा विषय निघाला की हमखास ऐकू येणारं वाक्य: "घटनेच्या कलम 311 मुळे सरकारी नोकराला काढताच येत नाही." हे खरं नाही.

मुळात कलम 310 नुसार केंद्राचे नोकर राष्ट्रपतींची आणि राज्यांचे नोकर राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. 311 त्या मर्जीला दोन अटी घालतं. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही आणि आरोप सांगून, चौकशी करून, बाजू मांडायची संधी द्यायची. ही संधीही सरसकट नाही. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली, चौकशी व्यवहार्य नसल्याची कारणं लेखी नोंदवली किंवा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न असला, तर चौकशीविनाही काढता येतं. 1985 च्या तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी उचलून धरल्या. शिवाय लष्करी जवान आणि सार्वजनिक कंपन्यांचे कर्मचारी 311 च्या कक्षेतच नाहीत.

मग कारवाई अडते कुठे? बरेचदा फायलीत. आरोपपत्र मोघम, साक्षीदार बदलून गेलेले, चौकशी अधिकाऱ्याच्या गळ्यात स्वतःचं कामही आहेच. केंद्राच्या नियमांत 2017 पासून चौकशीला सहा महिन्यांची मुदत आहे, पण कारणं नोंदवून ती वाढवता येते. अर्धवट चौकशीवर उभा राहिलेला आदेश न्यायालयात टिकत नाही, आणि खापर मात्र घटनेवर फुटतं. उद्या 311 रद्द केलं, तरी ढिसाळ आरोपपत्र ढिसाळच राहील.